ऑनर्सचं चौथं वर्ष: मेंटॉरकडे कधी जायचं, काय घेऊन जायचं, काय विचारायचं

पाचव्या सेमचा निकाल लागला त्या आठवड्यात एक मुलगा स्टाफरूमच्या दारात येऊन थांबला, हातात पाचही मार्कलिस्टच्या झेरॉक्स. "मॅडम, मला रिसर्चवालं ऑनर्स घ्यायचंय, पुढे पीएचडी करायचीय. आता शेवटच्या सेमला किती पाडायला लागतील?" मी त्याच्याच एका झेरॉक्सच्या पाठीमागे हिशोब मांडला. पाच सेमची सरासरी ७२, सहा सेमची मिळून हवी ७५ (रिसर्चवाल्या ऑनर्सची तशी अट आहे, पुढे सांगतेच). ७५ गुणिले सहा ४५०, त्यातून ७२ गुणिले पाच म्हणजे ३६० वजा केले, उरले ९०. एका सेमला ९० टक्के. ज्याला पाच वेळा सत्तर ते चौऱ्याहत्तरच्या मध्येच पडलेत त्याला एकदम ९० पाड म्हणून सांगायचं कसं? त्याला पण कळलं, मला पण कळलं, दोघंही कागदाकडे बघत गप्प बसलो.

रात्री घरी मी तोच हिशोब मागे मागे नेऊन केला. हाच मुलगा ७२ टक्के घेऊन चौथ्या सेमनंतर आला असता तर उरलेल्या दोन सेमला ८१ लागले असते. अवघड, पण होण्यासारखं. आणि दुसऱ्या सेमनंतर आला असता तर उरलेल्या चार सेमला सरासरी साडेशहात्तर. साडेशहात्तर! म्हणजे आहे त्याच्यात साडेचार टक्के वाढवायचे होते फक्त, तेवढं तर इंटर्नल वेळेवर दिल्या आणि उत्तरं लिहायची सवय केली तरी वाढतं. मुलगा तोच, मार्क तेच, फरक फक्त तो माझ्याकडे कधी आला याचा. आणि खरं सांगायचं तर मेंटॉर म्हणून मीच त्याला आधी बोलावायला हवं होतं, हे मला आजही लागतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, तुम्ही एफवायला (पहिल्या वर्षाला) असाल तर उत्तम, एसवायला (दुसऱ्या) असाल तरी वेळ गेलेली नाही, टीवायला (तिसऱ्या) असाल तर शेवटचा भाग आधी वाचा.

आधी नियम काय आहे ते

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२२ मध्ये डिग्रीचा नवा आराखडा काढला. महाराष्ट्रात विद्यापीठांचे विभाग आणि स्वायत्त कॉलेजं २०२३-२४ पासून यात आली, बाकीची संलग्न कॉलेजं २०२४-२५ पासून. थोडक्यात असं की तीन वर्षं पूर्ण केली की नेहमीची डिग्री, चार केली की ऑनर्सची डिग्री, आणि चौथ्या वर्षात रिसर्च घेतलं तर ऑनर्स विथ रिसर्च. आराखड्यात तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट आणि चार वर्षांना किमान १६० धरलेत, आपल्याकडे सेमला २० ते २२ क्रेडिट ठेवायला परवानगी आहे म्हणून चार वर्षांचा आकडा १७६ पर्यंत जाऊ शकतो. तुमच्या कॉलेजचा नेमका आकडा अभ्यासक्रमाच्या पीडीएफमध्ये पहिल्या दोन-तीन पानांतच असतो, तो तक्ता मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.

क्रेडिट म्हणजे काय हे बऱ्याच मुलांना टीवायपर्यंत माहीत नसतं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेममध्ये १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. म्हणून दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल हे दोन क्रेडिटच्या थिअरीपेक्षा दुप्पट वेळ खातं, हे लक्षात घेऊनच ऑप्शन निवडा.

रिसर्चवाल्या ऑनर्सला यूजीसीची अट आहे ती पहिल्या सहा सेममध्ये ७५ टक्के किंवा त्यापेक्षा जास्त. त्यात १२ क्रेडिटचं डिझर्टेशन, म्हणजे छोटा प्रबंध, असतं. साध्या ऑनर्सला डिझर्टेशन नसतं, त्या १२ क्रेडिटच्या जागी तीन जादा कोर्स करायचे असतात. आणि हो, मध्येच थांबायची सोय पण आहे, एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, पण त्यासाठी वर्षाचे क्रेडिट पुरत नाहीत, ४ क्रेडिटचा स्किलचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. परत यायचं असेल तर तीन वर्षांच्या आत, आणि सगळं मिळून सात वर्षांत डिग्री संपवायची. घरची अडचण आली म्हणून कॉलेज सोडणाऱ्या मुलांना हे कोणी सांगतच नाही, ती नुसतीच यायची बंद होतात. असं काही तुमच्या घरी होत असेल तर न सांगता जाऊ नका, मेंटॉरला एक फोन करा, चार क्रेडिट जास्त करून हातात कागद तरी घेऊन जा.

इंजिनिअरिंगवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, तुमच्याकडे ऑनर्स वेगळं आहे. तिथे डिग्रीच्या क्रेडिटवर १८ ते २० क्रेडिट जास्तीचे करायचे असतात आणि चार वर्षांतच. त्यामुळे बीए-बीएस्सीच्या मुलांचा सल्ला तुम्हाला लागू होत नाही.

कोणाला काय विचारायचं

बहुतेक कॉलेजात मेंटॉर-मेंटी स्कीम असते, साधारण वीस-पंचवीस मुलांमागे एक शिक्षक. बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदा फॉर्म भरून घेतात आणि विषय संपतो. तुम्ही तो संपू देऊ नका. यादीत तुमच्या नावापुढे कोणाचं नाव आहे ते शोधा आणि जाऊन भेटा. सर-मॅडमना मुलं येत नाहीत याचंच जास्त वाईट वाटतं, येतात याचा त्रास होत नाही.

पण मेंटॉरला सगळंच माहीत असतं असं नाही. मी इतिहास शिकवते, मला मेजर-मायनरचं (मुख्य आणि जोड विषयाचं) सांगता येतं, दिशा सांगता येते, पण एटीकेटीचा (विषय राहिला तरी पुढच्या वर्षात जाण्याचा) नेमका नियम, रिव्हॅल्युएशनची तारीख, ग्रेडचं टक्क्यांत रूपांतर हे परीक्षा विभागालाच विचारायचं. कुठला ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) चालेल, स्वयमचा, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरचा, कुठला कोर्स धरला जाईल हे एनईपी कोऑर्डिनेटरला, म्हणजे कॉलेजात नव्या शैक्षणिक धोरणाचं काम बघणाऱ्या शिक्षकांना. विभागात चौथं वर्ष सुरू होणार का, रिसर्चला गाईड किती, जागा किती, हे एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना. आणि सीनियरना काय विचारायचं? कुठला पेपर कसा जातो, कोण नीट शिकवतं, लायब्ररीत कुठली पुस्तकं मिळतात हे जरूर विचारा, पण नियम कधीच सीनियरकडून घेऊ नका. आराखडा नवीन आहे, दोन वर्षांपूर्वीच्या बॅचचं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

भेटायला जायच्या आधी: एक वही, एक तक्ता

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच भेटीत साधी दोनशे पानी वही करायला सांगते. पहिल्या पानावर तक्ता. डाव्या बाजूला सेम १ ते ८, वरती रकाने: मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्होकेशनल स्किल, स्किल एन्हान्समेंट, भाषा, व्हॅल्यू एज्युकेशन, भारतीय ज्ञान प्रणाली, को-करिक्युलर, आणि फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि सीईपी (समाजात जाऊन करायचं काम) एकत्र. प्रत्येक घरात दोन आकडे, किती क्रेडिट हवे आणि किती मिळाले. निकाल लागला की पेनाने भरायचं. शाईने भरायचं म्हणते कारण मोबाईलमधली शीट मुलं उघडतच नाहीत आणि वही मात्र माझ्यासमोर टेबलावर ठेवतात, मला दहा सेकंदात कळतं कुठे अडलंय.

या तक्त्याने एका मुलीचं अख्खं वर्ष वाचलं. तिसऱ्या सेमनंतर ती आली, मार्क झकास, काही तक्रार नाही, सहज वही बघितली तर को-करिक्युलरच्या घरात दुसऱ्या सेमचे दोन क्रेडिट कोरे. तिने एनएसएसचं काम केलेलं, कॅम्पला पण गेलेली, पण ज्या सरांकडे रजिस्टर होतं त्यांची बदली झाली आणि तिचे मार्क वर गेलेच नाहीत. तिला वाटलं येतील नंतर. आम्ही कॅम्पचं सर्टिफिकेट, हजेरीचं पान आणि अर्ज असं जोडून परीक्षा विभागात दिलं, दीड महिन्यात दुरुस्त झालं. हेच टीवायच्या शेवटी कळलं असतं तर हजेरीचं पान पण सापडलं नसतं.

दुसरं म्हणजे एबीसी, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. डिजिलॉकरवरून १२ आकडी आयडी निघतो, आता अपार आयडी म्हणतात. आयडी काढून कॉलेजला दिला म्हणजे काम झालं असं मुलांना वाटतं, पण दर निकालानंतर लॉगिन करून क्रेडिट खरंच जमा झालेत का ते बघायचं. आधारवरचं नाव आणि कॉलेजातलं नाव जुळत नसेल, म्हणजे कुठे वडिलांचं नाव मध्ये आहे कुठे नाही, कुठे स्पेलिंग वेगळं, तर तिथेच गाडी अडते. एफवायलाच हे सरळ करून घ्या. पुढे दुसऱ्या विद्यापीठात जायचं झालं तर हे क्रेडिटच तुमच्याबरोबर येणार आहेत.

ग्रेड आणि टक्के

मार्कलिस्टवर एसजीपीए (त्या सेमची ग्रेड पॉईंटची सरासरी) असतो तो कसा येतो ते एकदा स्वतः करून बघा, मग कुठे जोर लावायचा ते आपोआप कळतं. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४. प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉईंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. समजा तीन विषय चार-चार क्रेडिटचे आहेत, त्यात ए प्लस, ए आणि बी प्लस, म्हणजे ३६, ३२, २८. आणि चार विषय दोन-दोन क्रेडिटचे, त्यात ओ, ए, बी, ए प्लस, म्हणजे २०, १६, १२, १८. बेरीज १६२, भागिले २०, एसजीपीए ८.१. आता बघा, चार क्रेडिटच्या एका विषयात बी प्लसचा ए केला तर बेरीज चारने वाढते, दोन क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वाढवली तर दोननेच. म्हणून मेजरच्या पेपरला वेळ द्या असं आम्ही म्हणतो. पण त्याच वेळी दोन क्रेडिटचे विषय जरा सोपे असतात, त्यात बी घेऊन येणं म्हणजे हातचे मार्क सोडणं, आणि मुलं नेमकी तिथेच सोडतात कारण "ते व्हॅल्यू एज्युकेशनचं काय वाचायचं मॅडम".

सीजीपीएचे (सगळ्या सेमच्या मिळून सरासरीचे) टक्के कसे करायचे याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, दहाने गुणून मोकळं होऊ नका, मार्कलिस्टच्या मागे किंवा परीक्षा विभागात विचारून लेखी घ्या. ७४.६ आणि ७५.१ मध्ये या एका सूत्राने फरक पडू शकतो.

पहिल्या वर्षाची भेट

पहिल्या सेमचा निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत या. जास्त काही नको, वही, मार्कलिस्ट, आणि तीन ओळी लिहून आणा: कुठला विषय वाचताना वेळ कळत नाही, कुठला उघडवत पण नाही, आणि घरच्यांची काय अपेक्षा आहे. तिसरी ओळ मुलं लपवतात. एक मुलगी दोन वर्षं मला सांगत होती तिला रिसर्च करायचंय आणि घरी ठरलेलं होतं की टीवायनंतर स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जायचं, हे मला तिच्या वडिलांकडून कळलं. आधी सांगितलं असतं तर दोन्हीचा मेळ घालता आला असता. एमपीएससी, यूपीएससीला कुठलीही डिग्री चालते, तीन वर्षांची पण चालते, चौथ्या वर्षाची गरज नाही. म्हणजे घरच्यांचं म्हणणं चूक नव्हतं आणि तिचं पण नव्हतं, फक्त दोघांना बोलायला मध्ये कोणीतरी लागत होतं. आता मी सरळ सांगते, पुढच्या वेळी आई-वडिलांपैकी कोणाला तरी घेऊन ये, किंवा फोनवर बोलू दे.

दुसरं वर्ष, म्हणजे खरं वर्ष

माझं ठाम मत आहे की ऑनर्स घडतं ते एसवायला. कारण मायनर पक्कं होतं, आणि कुठल्या तरी एका शिक्षकाला तुमचं लिखाण माहीत व्हायला लागतं.

मायनर निवडताना मुलं मैत्रीण कुठे जातेय आणि टाइमटेबल कुठे मोकळं राहतंय हे बघतात. तुम्ही उलटीकडून बघा: चौथ्या वर्षी मला कशावर काम करायचंय, आणि त्याला मेजरच्या बाहेरचं काय लागेल? इतिहासातलंच उदाहरण देते कारण ते माझ्या रोजच्या बघण्यातलं आहे. कोणाला पेशवाईतल्या एखाद्या परगण्याच्या महसुलावर काम करायचं असेल तर कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत आणि ते मोडीत आहेत. मोडी एका महिन्यात वाचता येत नाही. अक्षरं महिन्यात ओळखता येतील, पण कारकुनाच्या हातची सलग, लेखणी न उचलता लिहिलेली ओळ फोडायला वर्ष-दीड वर्षाचा सराव लागतो. सातव्या सेमला मोडी शिकायला बसलात तर आठव्या सेमच्या व्हायवाला अजून कागद वाचतच असाल. म्हणजे मोडीचा कोर्स एसवायला, स्किलच्या दोन क्रेडिटमध्ये बसवून घ्यायचा. आणि आकडेमोड करायची म्हणून मायनर अर्थशास्त्र. असंच प्रत्येक विषयात आहे, मानसशास्त्राला स्टॅटिस्टिक्स, जीवशास्त्राला थोडं प्रोग्रॅमिंग, मराठीला भाषाविज्ञान किंवा संस्कृत. तुमच्या विषयात ते काय, हे मेंटॉरला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे असं मला वाटतं.

कॉलेजात तो विषय नसेल तर स्वयमवर बघा. नियमाप्रमाणे एका सेममधले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट ऑनलाइन घेता येतात, पण कॉलेजने तो कोर्स आधी मान्य केलेला पाहिजे. आधी मान्यता, मग रजिस्ट्रेशन. उलटं करून आलेली मुलं बघितलीत, सर्टिफिकेट हातात आणि क्रेडिट शून्य.

एसवायच्या दिवाळीच्या सुमारास सुट्टीतल्या रिसर्चच्या संधी शोधायला लागा. विज्ञानवाल्यांसाठी बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे. यांना शिक्षकांची शिफारस लागते आणि इथेच मघाचा मुद्दा येतो, जो शिक्षक तुम्हाला फक्त रोल नंबरने ओळखतो तो शिफारसपत्रात काय लिहिणार? "विद्यार्थी नियमित व सुस्वभावी आहे" एवढंच. म्हणून असाइनमेंट तपासून आली की सर-मॅडमकडे जाऊन विचारा की हे अजून चांगलं कसं झालं असतं. वर्षातून तीनदा एवढं केलंत तरी त्यांना तुमचं नाव, तुमचा विचार करायचा ढंग, सगळं लक्षात राहतं.

तिसरं वर्ष: थांबायचं की पुढे जायचं

इथे मी प्रत्येकाला तासभर देते, कारण इथे घाईत घेतलेला निर्णय मग पाच वर्षं छळतो. आधी वर्षांचा हिशोब समजून घ्या. तीन वर्षांची डिग्री आणि दोन वर्षांचं एमए-एमएस्सी मिळून पाच. चार वर्षांचं ऑनर्स आणि एक वर्षाचं एमए-एमएस्सी मिळून पण पाचच. म्हणजे ऑनर्सने एक वर्ष वाया जातं हे पण खरं नाही आणि एक वर्ष वाचतं हे पण खरं नाही. प्रश्न असा आहे की चौथं वर्ष तुम्ही कुठे काढणार, आणि तुमच्या विषयाचं एक वर्षाचं पीजी तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात खरंच चालू आहे का. हे फोन करून, वेबसाइटवर बघून खात्री करून घ्या, "होईल चालू" यावर विसंबू नका. आपल्या कॉलेजात शिक्षक कमी असतील, लायब्ररी जेमतेम असेल, तर तीन वर्षांनी डिग्री घेऊन विद्यापीठाच्या विभागात दोन वर्षांच्या एमएला जाणं हा जास्त चांगला रस्ता असू शकतो, आणि मी माझ्याच कॉलेजच्या मुलांना हे सांगितलेलं आहे. रिसर्चच्या ऑनर्ससाठी विभागात पीएचडीला गाईड होऊ शकतील असे किमान दोन कायम शिक्षक असावेत अशी यूजीसीची अपेक्षा आहे, ते आहेत का बघा.

परदेशात मास्टर्सला जायचं असेल तर चार वर्षांची डिग्री उपयोगी पडते, अमेरिकेतली बरीच विद्यापीठं चार वर्षांचीच मागतात. नोकरी लगेच हवी असेल, घरी पैशाची ओढ असेल, तर तिसऱ्या वर्षी डिग्री घेऊन बाहेर पडण्यात कमीपणा काही नाही.

ज्यांना कॉलेजात शिकवायचंय त्यांनी हे नीट वाचा. चार वर्षांच्या डिग्रीवर ७५ टक्के असतील तर नेटला, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, बसता येतं, पण ते जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) आणि पीएचडी प्रवेशासाठी. असिस्टंट प्रोफेसर व्हायला पदव्युत्तर डिग्री लागतेच. मुलं इथे फसतात, ऑनर्सनंतर नेट दिली की लेक्चरर होऊ असं धरून चालतात.

त्या तासाभरात मी पुढचे प्रश्न विचारते, तुम्ही घरीच उत्तरं लिहून आणा:

- चौथ्या वर्षाची फी, राहणं, प्रवास हे कोण देणार आणि स्कॉलरशिप चौथ्या वर्षाला चालू राहते का?
- सहा सेमचे टक्के आत्ताच्या हिशोबाने किती येतात, कुठला विषय राहिलाय का?
- तीन महिने एकाच विषयावर एकट्याने काम केलंय का कधी, फील्ड प्रोजेक्ट स्वतः केला की ग्रुपमधल्या दुसऱ्याने?
- डिझर्टेशनसाठी विषय सुचत नसेल तर निदान प्रश्न कुठला पडतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. ८२ टक्केवाली मुलगी मी बघितली जिला एकटीने बसून लिहिणं सोसत नव्हतं, ती साध्या ऑनर्सला गेली, तीन कोर्स घेतले, खूश आहे. रिसर्च हे जास्त मार्कवाल्यांचं बक्षीस नाही, ते वेगळ्या प्रकारचं काम आहे.

गाईड आणि विषय

सहावं सेम चालू असतानाच गाईडशी बोला. जाताना "मॅडम विषय द्या" म्हणून जाऊ नका, दीड पान लिहून न्या. त्यात प्रश्न काय, त्यावर आधी कोणी काय लिहिलंय, कागद किंवा डेटा कुठे मिळेल, आणि महिन्यांचा अंदाज. आधी काय झालंय ते बघायला शोधगंगा उघडा, देशभरातले पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. प्रबंध अख्खा वाचायची गरज नाही, अनुक्रमणिका, पहिलं प्रकरण आणि संदर्भसूची एवढं वाचलं तरी तुमचा विषय आवळायला मदत होते.

आवळायला म्हणजे काय तर बघा. एक मुलगा "मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास" घेऊन आला. मी विचारलं कुठला भाग, कुठली वर्षं, कोणाचं शिक्षण? चार भेटींत तो विषय त्याच्या तालुक्यातल्या एका जुन्या शाळेच्या दाखला-रजिस्टरांवर आला, वीस वर्षांत मुली कधी आल्या, कुठल्या वाड्या-वस्त्यांतून आल्या आणि कितवीत शाळा सुटली. रजिस्टर शाळेत आहे, मुख्याध्यापकांची परवानगी मिळतेय, आणि आठ महिन्यांत होण्यासारखं आहे.

लिहिताना पहिल्या दिवसापासून कुठलं वाक्य कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावरून घेतलं ते टिपत चला. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय, त्यावर गेलं की परत लिहून द्यायला लागतं आणि त्याहून जास्त असेल तर शिक्षा वाढत जाते. बहुतेक मुलं चोरी करायची म्हणून करत नाहीत, टिपण काढताना अवतरण चिन्ह टाकायचं विसरतात आणि दोन महिन्यांनी ते वाक्य स्वतःचंच वाटायला लागतं.

मेंटॉर वेळच देत नसतील तर

होतं असं. बदली झालेली असते, तासिकांचा भार असतो, कधी स्वभावच तसा असतो. आधी लेखी वेळ मागा, छोटा मेसेज: नाव, वर्ग, रोल नंबर, काम एका ओळीत, आणि "आपल्याला सोयीचे असेल तेव्हा पंधरा मिनिटे हवी आहेत". दोनदा मागून मिळाली नाही तर एचओडींकडे जाऊन तक्रारीचा सूर न लावता सांगा की मला मार्गदर्शनाची गरज आहे, दुसऱ्या कोणाकडे जाऊ का. तुमच्या यादीत नसलेल्या शिक्षकांकडे पण खुशाल जा. आणि भेट झाली की त्याच दिवशी वहीत तारीख टाकून काय ठरलं ते तीन ओळींत लिहा, पुढच्या वेळी तिथून सुरुवात होते.

७५ होत नसतील तर

आता त्या पहिल्या मुलाकडे येते. दोन दिवसांनी मी त्याला परत बोलावलं, कारण मधल्या रात्री मी पीएचडी प्रवेशाचे २०२२ चे नियम पुन्हा वाचून काढले होते. ऑनर्स विथ रिसर्चला जे ७५ लागतात ते पहिल्या सहा सेमचे. पण चार वर्षांच्या डिग्रीवर पीएचडीला अर्ज करायला जे ७५ लागतात ते आठही सेमचे मिळून. हे दोन वेगळे पंच्याहत्तर आहेत आणि आम्ही दोघांनी ते एकच धरले होते. यूजीसीच्या त्या नियमात चार वर्षांची डिग्री आणि ७५ टक्के एवढंच म्हटलंय, रिसर्चवालंच ऑनर्स पाहिजे असं नाही. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्क्यांची सूट पण आहे. आणि तेही नाही जमलं तर ऑनर्सनंतर एक वर्षाचं एमए करून ५५ टक्क्यांवर पीएचडीचा अर्ज करता येतो. विद्यापीठं आपापल्या अटी घालू शकतात, तेव्हा जिथे जायचंय तिथली प्रवेशाची जाहिरात वाचायचीच.

यावेळी हिशोब त्याने स्वतः मांडला, वहीत. ७५ गुणिले आठ ६००, वजा ३६०, उरले २४०, भागिले तीन. "मॅडम, ८०," म्हणाला. ९० नाही, ८०, आणि एका सेममध्ये नाही, तीन सेममध्ये मिळून. मग आम्ही सहाव्या सेमचे विषय काढून बसलो, चार क्रेडिटचे कुठले, त्यात मागच्या वेळी लेखी किती आणि इंटर्नल किती. दोन पेपरात इंटर्नलला त्याने एकेक असाइनमेंट दिलीच नव्हती. तिथून सुरुवात केली.